ताम्हिणी उतरताना गाडी न्यूट्रलला टाकावी का?

प्रवासी_पुणे: पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगावला जायचंय. १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, पाच माणसं आणि सामान. उतारावर न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं म्हणतात. खरं का?

गिअरबॉक्स: अजिबात टाकू नका. कार्ब्युरेटरच्या (इंजिनाला पेट्रोल-हवा मिसळून देणारा जुना भाग) काळातली सवय आहे ती. इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून अॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू राहायला पेट्रोल पितंच, तासाला अर्धा-पाऊण लिटर. म्हणजे बचत गिअरमध्येच आहे. चढाला जो गिअर लागला असता तोच उताराला: तीव्र वळणांवर दुसरा, मोकळ्या उतारावर तिसरा. वळणाच्या आधी गिअर उतरवा, वळणात क्लच दाबून गाडी सोडू नका.

आणि इंजिन बंद करून उतरणं तर जिवावरचं. ब्रेक बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला, इंजिनातून व्हॅक्यूम मिळतो. बंद इंजिनावर दोन-तीनदा पेडल दाबलं की तो संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंगही जड होतं.

प्रवासी_पुणे: एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेली, आपोआप गिअर बदलणारी गाडी असेल तर?

गिअरबॉक्स: मॅन्युअल मोडला घेऊन दुसरा-तिसरा धरा.

चाकवाला: ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. नीट दाबा, वेग उतरवा, पाय काढा. जळका वास आला किंवा पेडल खोल जायला लागलं तर रस्ता सोडून सपाट जागी थांबा. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा, तापलेला हँडब्रेक ओढू नका. वीस मिनिटं थंड होऊ द्या. डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते.

पेडल खोल जातं ते का? ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा धरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, दाब चाकापर्यंत पोचत नाही. दोन वर्षं झाली असतील तर निघण्याआधी बदलून घ्या.

सावकाश: हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर पूर्ण भाराचा आकडा वेगळा असतो, तोच घ्या. कमी हवेत टायर तापतो, अॅव्हरेजही पडतं. अरुंद जागी चढणाऱ्याला आधी वाट द्या, तसा नियमच आहे. धुक्यात लो बीम लावा. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर नकोत, मागच्याला तुम्ही कुठे वळताय ते कळत नाही.