ग्रहणाचा दिवस आणि ग्रहणाची वेळ

एकांनी थोरल्या भावाची पत्रिका दिली (जन्म सोलापूर, १६ फेब्रुवारी १९८०, सूर्यग्रहणाचा दिवस) आणि 'ग्रहणयोग (रवि-चंद्र राहू-केतूजवळ असणं), संसार लागेल का' असं विचारलं, त्यांच्यासाठी.

त्या दिवशी खग्रास पट्टा हुबळी-रायचूरवरून गेला, आपल्याकडे खंडग्रास, तेही दुपारी. जन्म पहाटेचा असेल, तर तो ग्रहणकाळातला नव्हेच. रवि कुंभेत केतूजवळ, हे मात्र दिवसभर खरं; चंद्र सकाळी मकरेतून कुंभेत आला. पण सूर्योदयाला कुंभ लग्न (त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास), म्हणजे रवि-केतू थेट लग्नात, चंद्र अजून मकरेत. दुपारी तीनला मिथुन लग्न, तिघांची युती भाग्यात (नवव्या स्थानात). फळ एकच कसं सांगणार? पत्रिकेत वेळच नाही! ग्रहणजनन शांती ऐन ग्रहणातल्या जन्माला सांगितलीय. तेव्हा गुरुजींना दक्षिणा देण्याआधी आईला वेळ विचारा.