मदत हवी आहे : रत्नागिरीहून मॉरिशसला गेलेल्या पूर्वजाचा माग

चौकशीकर्ता : आमच्या खापरपणजोबांचे धाकटे भाऊ रत्नागिरी जिल्ह्यातून गिरमिटावर (मजुरीच्या करारावर) मॉरिशसला गेले आणि परतले नाहीत, एवढेच घरात सांगितले जाते. आजी थकली आहे. तिच्या हयातीत त्यांचे पुढे काय झाले ते कळावे, अशी इच्छा आहे. अर्ज कोठे करावा, हे कृपया लवकर सांगावे.

सागरवेळ : नाव, वडिलांचे नाव, गाव आणि साधारण साल दिल्याशिवाय काय सांगणार? १८३४ पासून तेथे साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर उतरले.

गोदाकाठ : आधी नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांची नावे लिहून ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वह्या पाहाव्यात. आमची वंशावळ तेथेच मिळाली.

सागरवेळ : जो माणूस परतलाच नाही, त्याचे पुढचे आयुष्य नाशिकच्या वहीत कसे सापडेल? शिवाय कोकणातले प्रत्येक गरीब कुटुंब नाशिकला गेलेच असेल, असे नाही. मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या मूळ नोंदवह्या आहेत व त्यांत प्रत्येकाचा क्रमांक, वडिलांचे नाव, वय, जात, गाव आणि जहाज नोंदवलेले असते.

मोडीवाचक : मोडी अवश्य शिकावी. पुण्याच्या पेशवे दप्तरात अफाट साहित्य पडून आहे.

चौकशीकर्ता : आमच्याकडे मोडीतला एकही कागद नाही. गाव संगमेश्वर तालुक्यातले. सत्तावन्नच्या बंडानंतर लगेच गेले, असे आजी सांगते. हाकेचे नाव तेवढे ठाऊक आहे, वडिलांचे नाही.

गोदाकाठ : म्हणूनच वही म्हटले! कुटुंबातले कोणी नंतरच्या काळात जरी तीर्थाला गेले असेल, तरी मागच्या पिढ्यांची नावे त्याने लिहवली असतील. वडिलांच्या नावावाचून एकाच नावाच्या अनेक माणसांतून आपला माणूस कसा ओळखणार?

सागरवेळ : हे मात्र पटले, कारण १८५८-५९ मध्ये मॉरिशसला सर्वाधिक मजूर उतरले आणि कारकुनांनी नावे कानावर पडली तशी रोमन अक्षरांत लिहिली. आडनावाच्या भरवशावर राहू नये; नाव, गाव व वडिलांचे नाव यांचा मेळ पाहावा. एकदा क्रमांक सापडला की पुढचा माग त्याच्या आधारे काढता येतो. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे, त्यामुळे तोवर ते हयात असल्यास त्यांचे छायाचित्रही मिळू शकेल.

चौकशीकर्ता : छायाचित्र! ही कल्पनाच नव्हती. आजच आजीला विचारून घरातील सर्व जुनी नावे लिहून घेतो. नाशिकला आमच्या गावाचे उपाध्याय कोण, हे कसे शोधावे?

गोदाकाठ : रामकुंडावर मूळ गाव, तालुका, जात आणि आडनाव सांगावे; त्यावरून तेथील मंडळी योग्य घरी पाठवतात.