मदत हवी आहे : नाकासमोर चालणारा मी आणि नाकामागे धावणारा बीगल

नमस्कार.

बीगल जातीच्या कुत्र्यासोबत ज्यांनी काही वर्षे काढली आहेत त्यांच्याकडून, आणि त्याहूनही अधिक, स्वतःच्या स्वभावाशी अजिबात न जुळणारे कुत्रे घरात असताना ज्यांनी त्यातून काही मार्ग काढला आहे अशांकडून मला सल्ला हवा आहे. प्रश्न सविस्तर मांडतो, कारण अर्धवट माहितीवर दिलेले सल्ले मी आजवर पुष्कळ ऐकले आहेत.

मी मुद्रितशोधक आहे आणि घरूनच काम करतो. दिवसाचे सात-आठ तास ऱ्हस्वदीर्घ आणि विरामचिन्हे पाहण्यात जातात, आणि त्या कामाला शांतता लागते. कामामुळे स्वभाव असा झाला की असा स्वभाव म्हणून हे काम पत्करले, ते सांगता येणार नाही. पण ठरलेली गोष्ट ठरल्या वेळी व्हावी, एकदा सांगितलेले पुन्हा सांगावे लागू नये आणि शक्यतो कोणाचाच आवाज चढू नये, अशी माझी वृत्ती आहे. पत्नी मला नाकासमोर चालणारा माणूस म्हणते. दोन वर्षांपूर्वी आम्ही जे पिल्लू घरी आणले, ते मात्र नाकामागे धावणारे निघाले.

निवड माझीच होती, हे आधीच कबूल करतो. आटोपशीर आकार, आखूड केस, माणसांत रमणारा स्वभाव, एवढे वाचून मी समाधानी झालो. त्याच वर्णनात ‘स्वतंत्र वृत्तीचा’ असाही शब्द होता, आणि त्याचा अर्थ मी ‘आपल्या कामात लुडबुड न करणारा’ असा सोयीस्कर लावून घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरातले दोष काढणाऱ्या माणसाने आपल्या घरात येणाऱ्या प्राण्याबद्दलचा मजकूर असा वाचावा, याचे मला आजही नवल वाटते. पहिले दोन दिवस पिल्लू नुसते झोपून होते, म्हणून आम्ही त्याचे नाव शांताराम ठेवले. तिसऱ्या दिवसापासून त्या नावाला कसलाही अर्थ उरला नाही.

आता तो सव्वादोन वर्षांचा असून त्याचे वजन साधारण बारा किलो आहे. प्रकृती उत्तम आहे, नसबंदी झाली आहे. एका प्रशिक्षकाकडे आठ आठवडे नेल्यामुळे घरात ‘बस’, ‘थांब’, ‘इकडे ये’ या सर्व आज्ञा तो चोख पाळतो. घराबाहेर पाऊल टाकताच त्या आज्ञा जणू कोणी त्याच्या डोक्यातून पुसून टाकतो. मी त्याला सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी अर्धा तास फिरायला नेतो आणि त्याने माझ्या डाव्या बाजूला, पायाशी राहून चालावे असा माझा आग्रह असतो. प्रत्यक्षात तो दहा पावले चालतो आणि एखाद्या गवताच्या झुबक्यापाशी असा थबकतो की पट्टा ताणला जाऊन माझा खांदा दुखू लागतो. त्या वेळी मी त्याच्याकडे जवळून पाहिले आहे. मान खाली, शेपटी ताठ, कान जमिनीला टेकलेले, आणि नाकपुड्यांच्या कडेच्या दोन्ही चिरा इतक्या झपाट्याने उघडमीट करत असतात की मोजता येत नाहीत. मी नाव घेऊन हाक मारतो, पण त्याचा कानही हलत नाही. मला ऐकून तो दुर्लक्ष करतो असेही वाटत नाही. त्या क्षणी मी त्याच्या जगात नसतोच.

दुसरा त्रास आवाजाचा आहे. त्याच्या भुंकण्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही, पण मी कामाच्या खोलीचे दार लावून घेतले की काही वेळाने तो गळा काढतो. मान वर करून काढलेला तो लांबलचक हेल एकदा सुरू झाला की हातातले पान मला पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावे लागते. मी दार उघडून दटावतो, तो शेपटी हलवतो, मी दार लावतो आणि थोड्या वेळाने तेच पुन्हा सुरू होते.

चार महिन्यांपूर्वी दार उघडे राहिले आणि तो कसल्याशा वासामागे निघून गेला. मी दोन तास हाका मारत फिरलो. शेवटी तो स्वतःहूनच, चिखलाने माखलेला आणि अत्यंत प्रसन्न असा, माझ्या समोर येऊन उभा राहिला, आणि मी त्याच्यावर ओरडलो. इतक्या मोठ्याने मी यापूर्वी कोणावरही ओरडलो नसेन. तेव्हापासून मोकळ्या जागेत मी ‘इकडे ये’ म्हटले की तो जागच्या जागी उभा राहून माझ्याकडे पाहतो, पण येत नाही.

पत्नीचे आणि त्याचे उत्तम जमते. ती त्याला फिरवायला नेते तेव्हा तीच त्याच्यामागे जाते, आणि परत आल्यावर दोघेही खुशीत असतात. त्यामुळे दोष जातीचा की माझा, या प्रश्नाचे उत्तर घरात तरी ठरल्यासारखेच आहे. मला सर्वांत जास्त खुपते ते वेगळेच आहे, आणि ते लिहायला थोडी लाज वाटते. कुत्रे म्हणजे आपल्या तोंडाकडे पाहत बसणारा सोबती, अशी माझी कल्पना होती. याचे लक्ष सदैव जमिनीकडे असते. दोन वर्षे सांभाळूनही मी त्याच्या खिजगणतीत नाही, असे मला वाटत राहते, आणि त्या वाटण्यातून अलीकडे चिडचिड होते, जिचा त्याच्याशी काही संबंध नसावा.

बीगल बारा ते पंधरा वर्षे जगतात, म्हणजे अजून सुमारे दहा वर्षांचा तरी हा सहवास आहे. बाहेर असताना त्याने माझे ऐकावे यासाठी काही करता येईल का, बंद दारामागचे ते गळा काढणे कशाने थांबेल, आणि मुख्य म्हणजे त्याला त्याच्याजोग्या दुसऱ्या घरी देण्याचा विचार करणे हा पळपुटेपणा आहे की शहाणपणा, यावर कृपया स्पष्ट लिहावे. गोड बोलण्याची आवश्यकता नाही.

प्रतिसाद १

आपण गोड बोलू नका म्हणाला आहात, म्हणून आधी चूक सांगतो. तो चिखलाने माखून स्वतःहून परत आला, त्या क्षणी आपण त्याच्यावर ओरडलात. आपल्या दृष्टीने ती पळून जाण्याची शिक्षा होती. त्याच्या दृष्टीने ती परत येण्याची होती. ‘इकडे ये’ हे शब्द त्याच्यापुरते नासले आहेत. ते सोडून द्या आणि नवा, घरात एरवी न वापरला जाणारा एखादा शब्द निवडा.

आता जातीविषयी सांगतो. आमच्याकडे गेली चौदा वर्षे एकामागून एक असे दोन बीगल राहिले आहेत. हे कुत्रे टोळीने सशाचा माग काढण्यासाठी तयार केले गेले आणि शिकारी त्यांच्यामागून पायी जात असे. म्हणजे कुत्र्याने माणसाकडे वळून पाहावे अशी अपेक्षाच नव्हती; त्याने मागावर राहावे आणि आपण कोठे आहोत ते गळा काढून मागच्या माणसाला कळवावे, एवढेच त्याचे काम होते. शेपटीचे पांढरे टोकसुद्धा उंच गवतात तो दिसत राहावा म्हणून उपयोगी पडते. आपल्याला ज्या दोन गोष्टींचा त्रास होतो, त्या दोन्हींसाठीच पिढ्यानपिढ्या त्याची निवड झालेली आहे. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक एकराच्या मैदानात एक उंदीर सोडला होता. बीगलांनी तो साधारण एका मिनिटात शोधला, फॉक्स टेरियरांना पंधरा मिनिटे लागली आणि स्कॉटिश टेरियरांना तो सापडलाच नाही. अशा प्राण्याला अर्धा तास पायाशी चालवणे म्हणजे आपल्यासमोर छापील पान धरून ते वाचू नका असे सांगण्यासारखे आहे.

म्हणून सकाळच्या फेरीत त्याला चालवू नका, हुंगू द्या. गळपट्ट्याऐवजी छातीवरून बांधायचा पट्टा घ्या, त्याला दहा मीटर लांबीची दोरी जोडा, आणि अर्ध्या तासात दोनशे पावलेच पडली तरी चालतील असे मनाशी ठरवा. दुरान्तों आणि होरोविट्झ या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही कुत्र्यांना दोन आठवडे वास शोधण्याचे खेळ दिले होते आणि काहींना पायाशी चालण्याचा सराव दिला होता. नंतरच्या चाचणीत, खाऊ मिळेल की नाही हे स्पष्ट नसलेल्या परिस्थितीला सामोरे जाताना पहिला गट अधिक आशावादी दिसला, दुसऱ्या गटात तसा बदल झाला नाही.

नवा शब्द प्रथम घरातच शिकवा आणि प्रत्येक वेळी खाऊ द्या. बाहेर मात्र नाक जमिनीला असताना तो शब्द मुळीच उच्चारू नका. डोके वर येईपर्यंत थांबा, मग एकदाच म्हणा. आला की बक्षीस द्या आणि लगेच त्याला परत त्याच जागी हुंगायला सोडा. माझ्याकडे आल्याने वास हातचा जात नाही, हे त्याला पटणे हाच या शिकवणीचा गाभा आहे. याला काही महिने लागतात, आणि तरीही मोकळ्या रानात बीगलला दोरीशिवाय सोडण्याचे धाडस मी स्वतः चौदा वर्षांत केलेले नाही.

घरात जुना टॉवेल पसरून त्यावर त्याचे कोरडे खाद्य विखरून टाका आणि टॉवेलाची सैल गुंडाळी करून त्याला द्या. ते खाद्य त्याच्या रोजच्या वाट्यातूनच काढा, कारण ही जात खादाड आहे आणि वजन फार लवकर वाढते.

प्रतिसाद २

वरील सल्ला उत्तम आहे, पण सगळे जातीच्या माथी मारू नये असे सुचवतो. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास आला. त्यानुसार एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी साधारण ९ टक्केच फरक जातीने स्पष्ट होतो. गळा काढणे बीगलला येते हे खरे, पण आपला बीगल त्याच वेळी का काढतो, हे जात सांगणार नाही. दाराबाहेर कॅमेरा ठेवा आणि दार लावल्यानंतर किती मिनिटांनी आवाज सुरू होतो, त्याआधी तो काय करत असतो आणि समोर ठेवलेले खाद्य खातो की नाही, एवढे पाहा. खाद्याला तोंड न लावणे, लाळ गळणे, येरझाऱ्या घालणे ही एकटेपणाच्या भीतीची लक्षणे असू शकतात. त्यावर दटावणे हा उपाय नाही. तसे दिसल्यास पशुवैद्यांशी बोलावे.

प्रतिसाद ३

मी आमचा कुत्रा दुसऱ्या घरी दिला आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. तो मेंढ्या राखणाऱ्या जातीचा होता आणि आम्ही दोघेही गुडघेदुखीने बेजार होतो. आपल्याला एवढेच सांगेन की हा निर्णय रागाच्या दिवशी घेऊ नये आणि केवळ लोकलाजेस्तव वर्षानुवर्षे टाळूही नये. मात्र आपल्या घरात त्याच्याशी छान जमणारे एक माणूस आधीच आहे. आमच्याकडे तसे कोणी नव्हते.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला अकरा दिवस लागले, कारण काही करून पाहिल्याशिवाय लिहू नये असे ठरवले होते.

पायाशी चालवणे मी बंद केले आहे. नवा शब्द ‘हजर’ असा निवडला आहे. काल तो एका कुंपणाच्या बुंध्याशी नाक खुपसून उभा होता तेव्हा मी तोंड मिटून मनात आकडे मोजत राहिलो. त्रेचाळिसाव्या आकड्याला त्याने डोके वर केले, मी ‘हजर’ म्हटले आणि तो आला. सरळ आला नाही, वाटेत दोन ठिकाणी हुंगून, मोठा वळसा घालून आला, पण आला. खाऊ देऊन त्याला परत सोडले तेव्हा तो क्षणभर गोंधळला होता.

दुसऱ्या घराचा विषय पत्नीशी प्रथमच मोकळेपणाने बोललो. तिने सहा महिने मागितले आहेत आणि मी ते मान्य केले आहे.

आता प्रतिसाद २ मधील सूचनेविषयी. मी तीन दिवस चित्रण केले. दार लागल्यावर तो टॉवेलाची गुंडाळी उलगडून सगळे खातो. लाळ नाही, येरझाऱ्या नाहीत. त्यानंतर तो दारापाशी येऊन आडवा होतो आणि दाराखालच्या फटीला नाक लावून आतली हवा हुंगत राहतो. तिन्ही दिवशी हे सात ते नऊ मिनिटे चालले. मग तो उठून बसतो, फटीकडे पाहतो, आणि मान वर करून गळा काढतो. आतापर्यंत मला वाटत होते की खिडकीतून येणाऱ्या बाहेरच्या कसल्या तरी वासामुळे तो ओरडत असावा. त्या फटीतून येणारा वास मात्र माझाच असणार, कारण खोलीत कागद आणि मी याखेरीज काही नसते.

खाद्य खातो याचा अर्थ ही भीती नव्हे असा घ्यावा का? आणि दार उघडे ठेवून त्याला टेबलाखाली येऊ दिले, तर त्याला त्याचीच सवय लागून पुढे दार कधीच लावता येणार नाही, असे होईल का? की माझा एखादा वापरलेला सदरा दाराबाहेर ठेवणे पुरेल? पशुवैद्यांकडे पुढच्या आठवड्यात जायचे आहे. त्याआधी कोणी अनुभव लिहिल्यास बरे होईल.