आजोबांचा वस्तरा घरीच हाताने नीट करायचाय, सल्ला हवा

खडकमाळ
मंडळी, वाड्यातलं सामान आवरताना आजोबांचा वस्तरा सापडला. पात्यावर गंज, मूठ काळ्या शिंगाची, एका बाजूने किड्याने खाल्लेली. शिवाय रविवारी जुन्या बाजारातून सरावासाठी दोन उचलले. त्यातला एक उत्साहाच्या भरात चाकावर धार लावणाऱ्याकडे दिला. ठिणग्या उडाल्या, कड निळी पडली, आणि आता दाढी सोडा, टोमॅटोही कापत नाही. आजोबांच्या वस्तऱ्याचं तसं व्हायला नको. यंत्र वापरायचं नाही. दगड कुठले घेऊ? गंज कशाने काढू?

नाना_निवांत
निळी पडली म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. साधारण ३०० अंशांच्या आसपास तो रंग येतो, आणि कडकपणा त्याआधीच गेलेला असतो. आता तो फक्त घासायच्या सरावाला.

आजोबांचा हातात घेतलात की आधी भिंगातून धार बघा. पाठीवर, पोटावर गंजाचे खड्डे असले तरी चालतात. धारेवर असतील तर तेवढं पातं झिजवावं लागतं. मग धार नखावरून अलगद सरकवा, बारीक चीर असेल तर तिथे अडखळेल. चीर निघाली तर वस्तरा कपाटात शोभेला ठेवा, गालाला लावू नका.

गंजाला वॉटर पेपर (पाण्यात-तेलात चालणारा घासकागद): ४००, ८००, १२००, २००० नंबरचा, नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. सोबत शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब. कागद बुचाला गुंडाळा, पातं लाकडी फळीवर आडवं टेकवा आणि पाठीकडून धारेकडे घासा. उलट घासलंत तर बोटं जातील. कंपनीचा छाप असतो तिथे हात आवरता घ्या. माझ्या पहिल्या वस्तऱ्यावर तीन संध्याकाळी घासल्यावर आधी चांदणी उमटली, मग शेजारी क्रॉस. इंग्लंडातल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची खूण! बायकोला हाक मारून दाखवली. म्हणाली, "देवाची भांडीपण अशीच काळी पडलीत."

धारेचे दगडही तसेच नंबराने, १०००, ४००० आणि ८०००. कोनाची भानगड नाही, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकली की कोन आपोआप मिळतो. पाठ झिजू नये म्हणून तिच्यावर इलेक्ट्रिकच्या टेपचा एक थर लावा. दगडावर धार पुढे, शेवटी धार घोटायच्या चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे. यात गल्लत केलीत तर पट्टा कापला जाईल (माझा गेलाय). दाब वस्तऱ्याच्या वजनाएवढाच.

चष्मिष
नानांना +१. छापात देशाचं नाव आहे का बघा. अमेरिकेने १८९० च्या कायद्याने आयात मालावर ते सक्तीचं केलं, त्यामुळे 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' असेल तर माल बहुधा १८९१ नंतरचा. बाजारातल्यांची मूठ सेल्युलॉइडची असेल तर ते आजोबांच्या वस्तऱ्याजवळ ठेवू नका. सेल्युलॉइड सडायला लागलं की त्यातून निघणाऱ्या वाफेने पातं गंजतं. आणि गॅसजवळ तर अजिबात नको, भसकन पेटतं.

पुलापलीकडचा
एवढा खटाटोप करण्यापेक्षा दुकानात ब्लेडचं पाकीट मिळतं की!

नाना_निवांत
शब्दकोड्याचं उत्तरही उद्याच्या अंकात छापून येतंच.

खडकमाळ
दोन आठवड्यांनी परत आलोय. दुसऱ्या वस्तऱ्यावर २००० च्या कागदापर्यंत पोचलो. 'सोलि' एवढी अक्षरं दिसली, पुढचं 'न्गन' गंजाने खाल्लंय (सोलिन्गन, म्हणजे जर्मनीतलं पात्यांचं गाव). पण ती दोन अक्षरं उमटली तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि मी जेवलोच नव्हतो. आता अडचण अशी की ४००० च्या दगडानंतरही केस नुसता वाकतो, कापला जात नाही. ८००० वर जाऊ?

नाना_निवांत
नाही. परत १००० वर. मनगटावरचे केस पूर्ण धारेने, टोकापासून मुठीकडच्या टाचेपर्यंत, निघेपर्यंत पुढच्या दगडाकडे बघायचंसुद्धा नाही. आणि टेप बदला, एव्हाना झिजला असेल. आजोबांच्याला अजून हात लावला नाहीत ना?

खडकमाळ
तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवलाय. दिवाळीनंतर बघू.