वर्गात जाताना साधे कपडे की नेटके? रोज ठरवायचं कसं?

पहिलं_सत्र

पुढच्या आठवड्यापासून वर्ग सुरू होताहेत. नियमावलीत पोशाखाबद्दल एकच ओळ आहे, ‘शैक्षणिक वातावरणाला शोभेल असा असावा’. यावरून टी-शर्ट चालतो की नाही हेसुद्धा कळत नाही.

वेळापत्रक असं: आठवड्याचे ५ दिवस, रोज ४-५ तास. त्यातल्या दोन दुपारी रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक, प्रत्येकी ३ तास. दर पंधरवड्याला एकदा सगळ्यांसमोर १० मिनिटांचं सादरीकरण. बाकी नुसती व्याख्यानं.

रोज शर्ट-पॅंट घातली तर अति वाटेल का? रोज टी-शर्ट-जीन्स घातली तर शिक्षक हलक्यात घेतील का? नेटके कपडे घातले की अभ्यासात लक्ष जास्त लागतं असं वाचलंय, ते खरं का? आणि सगळं धरून किती कपडे लागतील?

शिवणरेखा

साधं आणि नेटकं असे दोन डबे करून बसलात की रोज सकाळी कपाटासमोर दहा मिनिटं जातील. त्यापेक्षा वेळापत्रकातला त्या दिवसाचा सगळ्यात कडक तास बघा आणि कपडे त्या तासासाठी निवडा. सादरीकरणाचा दिवस सादरीकरण ठरवेल, प्रात्यक्षिकाचा दिवस प्रयोगशाळा ठरवेल. नुसती व्याख्यानं असलेल्या दिवशी बसून लिहिता यावं एवढीच अट.

पहिला आठवडा मात्र अर्धी पायरी वर राहा. कॉलरचा शर्ट आणि साधी गडद पॅंट. नेटक्यावरून साध्यावर जागच्या जागी उतरता येतं: बाह्या दुमडा, शर्ट बाहेर काढा, वरचं जाकीट बॅगेत टाका. छापील टी-शर्टावरून वर चढायला काहीच हाताशी नसतं. आठवडाभरात बाकीचे आणि शिक्षक काय घालतात ते दिसेल, मग ती ‘शोभेल असा’ वाली ओळ आपोआप उलगडेल.

आता टी-शर्टाकडे. होजियरीच्या कापडात धागा कड्यांसारखा एकमेकांत अडकवलेला असतो, म्हणून ते ताणतं आणि काही महिन्यांत गळ्याशी लोंबायला लागतं. शर्टाचं कापड ताण्याबाण्याचं, म्हणजे उभे-आडवे धागे विणून केलेलं. ते घडी धरतं, कडा सरळ राहतात, म्हणून डोळ्याला नेटकं वाटतं. पोलो या दोघांच्या मध्ये बसतो: कापड होजियरीचं, पण कॉलर आणि बटणपट्टी आहे. ज्यांना रोज इस्त्रीचा कंटाळा आहे त्यांनी पोलोवर भर द्यावा. टी-शर्ट घेताना वजन बघा. प्रति चौरस मीटर १४०-१५० ग्रॅमचा पांढरा टी-शर्ट पारदर्शक निघू शकतो, १८० ते २२० चा अंगावर चांगला पडतो. वजन लिहिलेलं नसेल तर आत हात घाला. बोटं मोजता आली तर ठेवून द्या.

फिटिंग हा यातला सगळ्यात मोठा भाग, आणि तिथेच लोक मार खातात. शर्टाची खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर संपली पाहिजे. ती दंडावर उतरली असेल तर कितीही महाग शर्ट उसना आणल्यासारखा दिसतो, आणि खांदे दुरुस्त करणं कटकटीचं काम आहे. बाजूची शिवण आत घेणं, बाही आखूड करणं, पॅंटची उंची कमी करणं ही कामं सोपी. म्हणून विकत घेताना खांदे बरोबर बसणारं माप घ्या, बाकीचं शिंप्याकडे. कॉलरचं बटण लावून आत दोन बोटं सहज जावीत. बाही मनगटाच्या हाडापर्यंत.

शर्ट खोचायचा की नाही हे त्याची खालची कड सांगते. दोन्ही बाजूंना वर चढून मागे-पुढे लांब होणारी गोलाई म्हणजे शर्ट खोचायचा आहे. सरळ कापलेली कड असेल तर बाहेर ठेवा, पण लांबी पॅंटच्या चेनच्या मध्यापर्यंतच. त्याच्या खाली गेला की उंची कमी दिसते.

एक चाचणी आरशासमोर नक्की करा. फळ्यावर उंच लिहितो तसा उजवा हात वर न्या. शर्ट कमरेतून सुटून बाहेर आला तर बहुतेक वेळा दोष काखेचा असतो: काख खाली कापलेली असली की हात उचलताना अख्खा शर्टच वर ओढला जातो. पट्टा आवळून हे थांबत नाही. जास्त वर कापलेल्या काखेचा शर्ट घ्या.

बर्नरवाली

वरचं सगळं मान्य, पण प्रात्यक्षिकाच्या दोन दिवशी त्यातलं निम्मं बाजूला ठेवा.

त्या दिवशी कापड सुती. सुती कापड पेट घेतं, पण वितळत नाही. पॉलिएस्टर साधारण २५०-२६० अंश सेल्सियसला वितळतं, काही नायलॉन २२० च्या आसपासच, आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटून तिथेच भाजत राहतो. व्यायामाच्या तंग पॅंटी आणि खेळाचे टी-शर्ट बहुतेक याच धाग्यांचे असतात. अॅप्रन वरून असला तरी गुडघ्याखाली तो नसतो, हे लक्षात ठेवा.

पाय घोट्यापर्यंत झाकलेले हवेत. फाटक्या फॅशनची जीन्स त्या दिवशी नको, कारण सांडलेलं द्रव नेमकं उघड्या जागी पोचतं. बूट पूर्ण बंद आणि वरचा भाग चामड्याचा किंवा तसल्याच न झिरपणाऱ्या साहित्याचा. जाळीच्या कापडाचे धावायचे बूट दिसतात बंद, पण द्रव आत शिरतं आणि मोज्यात धरून ठेवलं जातं. सैल बाही, लोंबती ओढणी, गळ्यातली लांब साखळी नको. लांब केस बांधलेले.

आणि चांगले कपडे तिथे घालू नयेत याचं एक कारण धुतल्यावर दिसतं. सौम्य सल्फ्युरिक आम्लाचा बारीकसा थेंब सुती पॅंटवर उडाला तर त्या वेळी डागसुद्धा दिसत नाही. पाणी उडून जातं, आम्ल मागे उरून तीव्र होत जातं आणि सुताचा सेल्युलोज खातं. पुढच्या धुण्यात तिथे मोहरीएवढी भोकं पडतात. थेंब उडाल्याचं कळलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. काही कोटांचं अस्तर अॅसिटेटचं असतं, त्यावर अॅसिटोन पडलं तर ते विरघळतंच. थोडक्यात, दुपारी प्रयोगशाळा असेल तर सकाळच्या व्याख्यानालाही जुनी, जाड, पूर्ण लांबीची सुती पॅंट. कुणी काही म्हणत नाही.

धुकट_मध्यमान

‘नेटके कपडे घातले की लक्ष लागतं’ याबद्दल. या चर्चेचं मूळ बहुतेक २०१२ च्या एका शोधनिबंधात आहे. त्यात पांढरा कोट घातलेल्यांचं लक्ष एकाग्र करण्याच्या चाचण्यांत चांगलं काम झालं, आणि तोच कोट ‘डॉक्टरचा’ म्हणून दिला तर ‘रंगकाम करणाऱ्याचा’ म्हणून दिल्यापेक्षा परिणाम जास्त दिसला. त्यातला पहिला प्रयोग २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी पूर्वनोंदणी करून, म्हणजे पद्धत आधीच जाहीर करून, तसाच पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम मिळाला नाही. तेव्हा एकाग्रतेसाठी शर्ट घालायचा असेल तर भरवसा ठेवू नका. गळ्याला काचणारी कॉलर किंवा बसल्यावर पोटात रुतणारी पॅंट लक्ष घालवते. त्याला मात्र कुठल्याही शोधनिबंधाची गरज नाही.

‘अति वाटेल का’ याचं उत्तर जास्त ठोस आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना एका गायकाचा मोठा चेहरा छापलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट देऊन इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं होतं. घालणाऱ्यांचा अंदाज होता की जवळपास निम्म्यांनी तो चेहरा ओळखला असेल. प्रत्यक्षात ओळखणारे साधारण चौथा हिस्सा. आपल्याकडे किती जण बघताहेत याचा अंदाज माणूस दुपटीने फुगवतो. शर्ट घातलात म्हणून वर्ग थांबणार नाही.

शिवणरेखा

एका बाबतीत असहमत. तो प्रयोग खोलीत काही क्षण डोकावलेल्यांचा. रोज त्याच ३० जणांत बसल्यावर लोकांना एकूण छाप कळते, सुट्टे कपडे नाही. आणि छाप बिघडते ती टी-शर्टाने नव्हे; चुरगळल्याने, मळकट कॉलरने, पॅंटच्या उसवलेल्या कडेने. धुतलेला, अंगावर नीट बसणारा साधा टी-शर्ट चुरगळलेल्या शर्टापेक्षा कधीही बरा.

धुकट_मध्यमान

हे मान्य. मळकट कॉलरच्या बाजूने मी लढणार नाही.

पहिलं_सत्र

प्रात्यक्षिकाचं डोक्यातच नव्हतं, दोन्ही खेळाचे बूट जाळीचे निघाले! आता सादरीकरणाचं सांगा. काळा शर्ट सुरक्षित वाटतो. सभागृहात कॉलरला लावायचा माइक असतो आणि रेकॉर्डिंगही होतं.

मागची_रांग

काळा शर्ट घामाला बरा, पण खडूची पूड आणि लोकरीचे तंतू त्यावर लांबून दिसतात. खडूचा फळा असेल तर मध्यम निळा घ्या. घाम सगळ्यात जास्त उठून दिसतो तो फिकट राखाडी आणि मध्यम निळ्या सुती कापडावरच, म्हणजे घाम फार येत असेल तर मध्यम निळाही नको. पांढरा किंवा गडद निळा. पांढऱ्याच्या आत कातडीच्या रंगाच्या जवळचा बनियन किंवा स्लिप घाला. पांढऱ्याखाली पांढरा बनियन उलट उठून दिसतो.

रेकॉर्डिंग आहे म्हणून बारीक रेघा आणि बारीक चौकडी नकोत. कॅमेऱ्याच्या जाळीशी त्यांचं जमत नाही आणि पडद्यावर कपडा लाटांसारखा थरथरतो. एकरंगी कापड किंवा रुंद नक्षी चालते.

माइक: छोटी क्लिप बटणपट्टीवर, छातीच्या वरच्या भागात, हनुवटीपासून साधारण १५ ते २० सेंटिमीटर खाली. गोल गळ्याच्या टॉपवर क्लिप लावली की कापड लोंबतं आणि माइक वाकडा होतो. दुसरी डबी, ट्रान्समीटर, मागे कमरेला अडकवायची असते. त्यासाठी पट्टा किंवा घट्ट कंबर लागते. सलग एकपोशाखी ड्रेस असेल तर आधीच पट्टा लावा, ऐन वेळी जागा सापडत नाही. गळ्यातली माळ माइकवर आपटून टकटक आवाज येतो, ती काढून ठेवा.

नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. आदल्या दोन-तीन दिवसांत तासभर घालून फिरा. आणि पूर्ण पोशाखात एकदा १० मिनिटांचा सराव, उभ्याने, हात वर करून. शर्ट कमरेतून सुटतोय का हे बसून कळत नाही, आणि पायमोजा आखूड आहे का हे उभ्याने कळत नाही, म्हणून शेवटी एकदा खुर्चीत बसूनही बघा.

कडक_इस्त्री

किती कपडे हे धुण्यावर अवलंबून. दोन धुण्यांमधले वर्गाचे दिवस अधिक दोन. आठवड्यातून एकदा धुणार असाल तर वर्गासाठी ७ वरचे कपडे: ३ शर्ट, २ पोलो, २ टी-शर्ट. खाली ३ पॅंटी पुरतात. एक गडद आणि नेटकी, एक जीन्स, एक प्रयोगशाळेची. वरून घालायला एक गडद कार्डिगन किंवा साधं जाकीट, कारण वातानुकूलित सभागृहात शेवटच्या तासाला थंडी वाजते. रंग दोनच कुळांतले ठेवलेत तर कुठलाही वरचा कुठल्याही खालच्यावर जातो.

इस्त्रीचं चिन्ह लेबलवर असतं: एक ठिपका साधारण ११० अंश, दोन १५०, तीन २००. सुताला तीन चालतात, पॉलिएस्टरला लेबलप्रमाणे एक किंवा दोनच. पॉलिएस्टर मिसळलेलं कापड त्यातल्या नाजूक धाग्याच्या मापाने करायचं. जास्त गरम इस्त्रीने गडद कापडावर चकाकी येते आणि ती जात नाही, म्हणून गडद कपडा उलटा करून किंवा वर ओलसर सुती फडकं टाकून करा.

सुती शर्ट पूर्ण वाळायच्या आधी, किंचित ओला असताना करा. क्रम: कॉलर (आधी आतली बाजू, टोकांकडून मध्याकडे; उलट केलं तर टोकाशी चुणी जमते), मग खांद्याचा पट्टा, कफ, बाह्या, पुढचे दोन भाग, शेवटी पाठ. वेळच नसेल तर कॉलर, बटणपट्टी आणि कफ एवढंच करा आणि वर कार्डिगन घाला. झटकून, वरचं बटण लावून हॅंगरवर वाळवलेल्या शर्टाला इस्त्रीही कमी लागते.

एक गोष्ट वर कुणी बोललं नाही: पाठीची बॅग. तिचे पट्टे रोज खांद्यावर घासतात, त्यामुळे लोकरीवर आणि होजियरीवर तिथेच गोळे येतात, आणि कोटाच्या खांद्यातली भरणी दबून आकार जातो. ज्या दिवशी कोट घालायचा त्या दिवशी तो हातात धरून न्या किंवा बॅग हातात घ्या.

पहिलं_सत्र

यादी केली: ३-२-२ आणि ३. प्रयोगशाळेसाठी चामड्याचे बंद बूट बघतो. तेच सादरीकरणालाही चालतील ना?

बर्नरवाली

चालतील, पण तळवे रबराचे आणि पकड असलेले घ्या. गुळगुळीत चामडी तळव्याने ओल्या फरशीवर घसरायला होतं. आणि प्रात्यक्षिकानंतर वरून ओल्या फडक्याने पुसा. एकच जोड दोन्हीकडे वापरणार असाल तर काळा घ्या, तपकिरी चामड्यावर डाग लवकर दिसतात.