किरायदार घर सोडतो तेव्हा रंगाचा खर्च कोणाचा?

त्रिमूर्तीनगरवाला
काल एका घरमालकाची पोस्ट वाचली अन् राहवलं नाही म्हणून लिहून राहिलो. त्यांचं म्हणणं, किरायदार गेला की रंग, नळ, कड्या, खिळ्यांची भोकं, सगळा खर्च डिपॉझिटमधून कापायचा, कमी पडलं तर वरून मागायचा, कारण "घर जसं दिलं तसंच परत पाहिजे". अन् खाली सगळे हो ला हो लावून राहिले.

जसं दिलं तसं कसं राहील हो? माणूस तीन वर्षं राहिला तर स्विचजवळची भिंत काळी पडणार, फोडणीच्या धुरानं ओट्यामागची पिवळी पडणार, नळाचं वायसर झिजणार. त्याचाच तर किराया देतो ना आम्ही महिन्याच्या महिन्याला? बेसिन फोडलं, सिलेंडर आपटून टाइल तडकवली, तर भरावं, मुकाट्यानं भरावं, त्यात वाद नाही. १८८२ च्या ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टमध्ये कलम १०८ आहे, त्यातही नेहमीच्या वापरानं होणारी झीज वगळूनच घर परत द्या असं आहे.

नागपुरात प्रतापनगरला राहत होतो तेव्हा मालकानं पूर्ण फ्लॅटच्या रंगाचे पैसे कापले. मी राहायला गेलो तेव्हाच रंग जुना होता. नंतर तिथं ओळखीचाच माणूस राहायला गेला, त्यानं फोटो पाठवला. बेडरूमच्या चौकटीवर माझ्या पोरीची उंची पेन्सिलनं लिहिलेली, तारखांसकट, तशीच्या तशी. म्हणजे पैसे रंगाचे घेतले अन् ब्रश लावलाच नाही. डिपॉझिट ही मालकाची कमाई नाही, आमचे पैसे आहेत ते, तुमच्याकडे ठेवलेले.

वरचा मजला, मनीषनगर
तुमच्या मालकानं चूक केली, पण एका मालकावरून सगळ्यांना चोर ठरवू नका. मी रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून वरचा मजला बांधला, नोकरीवाल्या चार पोरांना दिला. एप्रिलमध्ये मला न विचारता वेल्डर बोलावून खिडकीची ग्रील कापली, भिंतीत भोकं पाडून अँगल ठोकले अन् त्यावर कूलर. पूर्ण मे महिना त्या कूलरचं पाणी खिडकीखालच्या भिंतीत मुरलं. पावसाळ्यात वरचं प्लास्टर फुगून पडलं अन् खाली आमच्या हॉलमध्ये पोपडे. सांगायला गेलो तर म्हणे अंकल, कूलर आहे, थोडं पाणी तर पडणारच. शेवटचे दोन महिने किरायाही दिला नाही, "डिपॉझिटमध्ये वळता करा" म्हणाले अन् गेले. डिपॉझिट दोनच महिन्यांचं होतं. प्लास्टर, ग्रील, रंग, सगळं माझ्या खिशातून. याला पण झीजच म्हणायचं का?

बजाजनगर रूम नंबर ४
काका, वरच्या मजल्यावर मे महिन्यात कूलरशिवाय एक रात्र झोपून पाहा. पारा ४५ च्या वर, रात्री बारालाही स्लॅबवर हात ठेववत नाही, पंखा गरम हवाच फेकतो. नागपुरात घर किरायानं द्यायचं अन् कूलरला जागा द्यायची नाही, मंग पोरं ग्रील कापणारच ना. खिडकीला स्टँड अन् पाण्याचा पॉइंट देणं हे मालकाचंच काम आहे.

वरचा मजला, मनीषनगर
कापणारच म्हणजे? दुसऱ्याच्या घराची ग्रील? विचारलं असतं तर मी स्टँड लावून दिला असता. तुमच्या वडिलांच्या घराची खिडकी कोणी न विचारता कापली तर चालेल का तुम्हाला?

बजाजनगर रूम नंबर ४
वडिलांवर जाऊ नका. आमच्या मालकाला मार्चपासून विचारून राहिलो, पाहू, पाहू म्हणता म्हणता जून आला. विचारून काय होते ते माहीत आहे आम्हाला.

कूलर रिपेअरिंग, महाल
मालक अन् किरायदार दोघांच्याही घरी जातो, म्हणून बोलतो. नीट बसवलेल्या अन् साफ ठेवलेल्या कूलरचं पाणी भिंतीत जातच नाही. बसवताना तो बाहेरच्या बाजूला जरासा झुकता ठेवावा लागतो, लोक सरळ ठेवतात किंवा आत झुकलेला ठेवतात. दुसरं, बोअरच्या पाण्यात क्षार, त्यानं वरच्या पाइपची भोकं बुजतात, मंग पाणी ताटीवर, म्हणजे बाजूच्या गवताच्या जाळीवर, न पडता बाजूनं उडते अन् भिंतीवर जाते. तिसरं, टाकी भरली की पाणी बंद करणारा फ्लोट अडकला की रात्रभर ओव्हरफ्लो. पाइप साफ करणं, ताट्या बदलणं, फ्लोट पाहणं हे वापरणाऱ्याचं काम. अँगल अन् खिडकी मालकाची. अँगल ढिला होऊन कूलर झुकला अन् भिंत गेली तर खर्च पोरांवर टाकू नका.

मेडिकल चौक
कूलरचा विषय निघालाच आहे तर पावसाळा लागला की टाक्या खाली करा बाप्पा. दरवर्षी तेच, साचलेल्या पाण्यात अळ्या अन् पूर्ण मोहल्ल्यात डेंग्यू. आमच्या शेजारच्या किरायदाराचा कूलर दिवाळीपर्यंत भरलेला असतो, मालक म्हणतो मी काय करू, किरायदार म्हणतो कूलर मालकाचा आहे. माझा पोरगा ॲडमिट होता. त्याचे पैसे कोण देणार?

त्रिमूर्तीनगरवाला
सगळे कूलरवरच आले. मूळ प्रश्न रंगाचा अन् डिपॉझिटचा होता.

अंबाझरी लेआउट
मूळ प्रश्नावर येते. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, तळमजला आमचा, किरायदार तिथं राहत होते. पहाटे पाणी शिरलं, उतरल्यावर घरभर चिखल, किचनच्या ट्रॉल्या फुगल्या, दारं चौकटीत बसेनात. मी त्यांचा एक रुपया कापला नाही, कापणार कशी? पण त्यांनी फ्रिजची भरपाई मला मागितली, याचं आजही वाईट वाटते. पूर मी आणला होता का? प्रत्येक नुकसानीत कोणीतरी दुसऱ्यानं भरलंच पाहिजे असं नसते.

कोर्टाच्या वाटेवर
त्रिमूर्तीनगर, कलम १०८ लीजला, म्हणजे भाडेपट्ट्याला लागते. तुमचा अकरा महिन्यांचा कागद लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे नुसत्या राहायच्या परवानगीचा असणार, त्यात करारातल्या अटी चालतात. पण "पूर्ण डिपॉझिट जप्त" अशी अट लिहिली म्हणून मालकाला सगळं मिळते असंही नाही. काँट्रॅक्ट ॲक्टच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा.

मनीषनगर, तुमच्यासाठी महत्त्वाचं. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ पाहा. करार लेखी अन् रजिस्टर पाहिजे, ती जबाबदारी मालकाची. नुसती नोटरी केली अन् वाद झाला, तर अटींबद्दल किरायदार सांगेल ते धरतात, उलटं सिद्ध करणं तुमच्यावर. शिवाय ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. केंद्राचा २०२१ चा मॉडेल टेनन्सी ॲक्ट हा राज्यांसाठी नमुना आहे, पण वाटणी सरळ आहे, रंग अन् वायरिंग मालकाकडे, नळ, स्विच, खिडकीच्या काचा किरायदाराकडे.

वरचा मजला, मनीषनगर
म्हणजे ग्रील माझी कापली, किराया माझा बुडाला अन् कैदही मलाच. चोर तो चोर वर शिरजोर. पूर्ण एरियात नोटरीच चालते, आम्हाला कोणी सांगितलं नाही.

कोर्टाच्या वाटेवर
आता सांगितलं ना. रजिस्टर करा अन् सोबत सामानाची यादी जोडा, पंखे किती, नळ कोणते, कोणत्या भिंतीला आधीच ओल आहे. चावी देताना दोघांनी मिळून व्हिडिओ काढा. मंग ग्रील कोणी कापली यावर भांडण उरत नाही.

त्रिमूर्तीनगरवाला
लीजचं तुमचं बरोबर असेल, मी वकील नाही. पण कापलेल्या प्रत्येक रुपयाचं बिल दाखवा ही मागणी मी सोडणार नाही. अन् चार वर्षं जुन्या रंगाचे नवीन रंगाच्या भावानं पैसे घेणं मला कोणत्याही कायद्यात पटणार नाही.

वरचा मजला, मनीषनगर
मिस्त्री रोजीवर येतो, तो कुठलं बिल देणार? माझ्याकडे वहीत लिहिलेलं आहे, सिमेंट किती, रेती किती, रोजी किती.

त्रिमूर्तीनगरवाला
वही चालेल. वहीच्या पानाचा फोटो पाठवला तरी किरायदाराला समजते पैसे कुठं गेले.

वरचा मजला, मनीषनगर
बरं. नुसत्या रंगाचे कापणार नाही, जा. पण प्लास्टरचे अन् ग्रीलचे सोडणार नाही. अन् शेवटच्या महिन्याचा किराया डिपॉझिटमध्ये वळवायचा नाही, हे पहिले लिहून घेईन. ते पाळलं तर वही दाखवीन, नाही तर नाही.

बजाजनगर रूम नंबर ४
अन् कूलरचा स्टँड?

वरचा मजला, मनीषनगर
महालवाले भाऊ, दोन खिडक्यांचे अँगल लावायला मार्चमध्ये याल का? होळीच्या आधी या, नंतर तुम्ही सापडत नाही.