काळवंडलेला पडदा, पुसट अक्षरं: तक्रार नेमकी कशाची करायची?

रामबागकर
नमस्कार मंडळी. इंदुरात एबी रोडवरच्या एका मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमा पाहिला. रात्रीच्या प्रसंगांत चेहरे ओळखू येत नव्हते. पडद्याच्या मधोमध उजळ पट्टा, कडा मात्र काळवंडलेल्या. सबटायटल्स डावीकडे स्पष्ट, उजवीकडे पुसट. वर-खाली राखाडी पट्टे होते ते वेगळेच. मॅनेजरचं उत्तर: "सिनेमाच डार्क शूट केलाय." इथे मराठी सिनेमाला मोजकेच शो मिळतात, तेव्हा दुसरं थिएटर शोधा असं कृपया सांगू नका. दोष कुठला आणि चालू शोमध्ये तो निघतो का?

झेनॉन
हे चार वेगळे दोष आहेत. मॅनेजरशी बोलतानाही वेगवेगळेच सांगा, नाहीतर "प्रिंट खराब आहे" म्हणून तो मोकळा होतो.

पट्ट्यांपासून सुरू करू. सिनेमा 'स्कोप' म्हणजे जास्त रुंद चौकटीचा (२.३९:१) असला आणि प्रोजेक्टर 'फ्लॅट'वर म्हणजे कमी रुंद चौकटीवर (१.८५:१) राहिला, तर पट्टे येतात. जाहिराती बऱ्याचदा फ्लॅट असतात. त्यांच्यानंतर प्लेलिस्टमध्ये फॉरमॅट बदलायचा क्यू, म्हणजे प्रोजेक्टरला द्यायची सूचना, टाकायचा राहून जातो. बूथमधून, म्हणजे प्रोजेक्टरच्या खोलीतून, मिनिटाभरात होणारं काम आहे. पण पडदाच फ्लॅटच्या मापाचा असेल तर पट्टे येणारच. अशा वेळी त्यांच्यावर काळं मास्किंग, म्हणजे पट्टे झाकणारं काळं कापड, हवं. प्रोजेक्टर पूर्ण काळा रंग देऊ शकत नाही, म्हणून मास्किंग नसलं की ते राखाडी दिसतात.

सबटायटल्स सगळीकडे पुसट असती तर नुसता फोकस, तोही लगेच जमतो. एकाच बाजूला पुसट म्हणजे लेन्स पडद्याला समांतर नाही. ते काम टेक्निशियनचं: शो संपल्यावर, टेस्ट चार्ट लावून. पांढऱ्या अक्षरांना लाल-निळी किनार दिसली तर प्रोजेक्टरमधल्या तीन चिप्सची जुळणी बिघडलीय. तेही त्याचंच काम.

आता अंधार. टूडी सिनेमाला पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरच्या उजेडाचं माप) उजेड हवा, ११ च्या खाली जाता कामा नये. प्रोजेक्टरमधल्या झेनॉन दिव्याचं आयुष्य तासांवर मोजतात: मोठ्या वॅटेजचा काही शे तास, लहान दोन-तीन हजारांपर्यंत. त्याचा उजेड हळूहळू उतरत जातो, त्यामुळे रोज पाहणाऱ्या स्टाफच्या ते लक्षातच येत नाही. दिवा महाग, म्हणून तो मुदतीपलीकडे चालवतात किंवा पॉवर कमी ठेवतात. शिवाय बूथच्या काचेवरची धूळ आणि थ्रीडीचा फिल्टर. टूडी शोला तो फिल्टर लेन्ससमोरून सरकवला नाही तर निम्म्याहून जास्त उजेड तिथेच जातो, आणि तो सरकवायला पैसे लागत नाहीत! पहिला प्रश्न हाच विचारा.

स्नेहलतागंज
मधला उजळ पट्टा बहुधा सिल्व्हर स्क्रीनचा. चष्म्याच्या थ्रीडीसाठी लावलेला हा पडदा उजेड समोर जास्त फेकतो, बाजूंना कमी. खुर्ची बदलून पाहा: पट्टा तुमच्याबरोबर सरकला तर दोष पडद्याचा, जागेवरच राहिला तर दिवा नीट बसवलेला नाही. पडदा काही लगेच बदलणार नाहीत, तेव्हा अशा हॉलमध्ये मधल्या खुर्च्याच घ्या, कडेच्या नकोत.

आणि "डार्क शूट" हे उत्तर ऐकून घेऊ नका. सुरुवातीला सेन्सॉर प्रमाणपत्र येतं, ते पांढऱ्यावर काळं. त्यात दिग्दर्शकाचा काहीच हात नसतो. पांढरा रंग मळकट दिसतोय का, कोपरे मधल्यापेक्षा फार काळे आहेत का, बारीक अक्षरं दोन्ही टोकांना वाचता येतात का, एवढंच बघा आणि लगेच उठा. तिकीट तपासणाऱ्याला सांगून उपयोग नाही, ड्यूटी मॅनेजरच गाठा.

रामबागकर
मनापासून आभार. पुरावा म्हणून मोबाइलवर पडद्याचा व्हिडिओ घेतला तर चालेल?

लोकमान्यनगर
अजिबात नको! २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीनंतर थिएटरमध्ये परवानगीशिवाय सिनेमाचं रेकॉर्डिंग हा गुन्हा आहे: किमान तीन महिने कैद आणि तीन लाख रुपये दंड. तक्रार तुमची आणि अडकाल तुम्हीच. शिवाय मोबाइल उजेड आपोआप वाढवतो, त्यामुळे व्हिडिओत अंधार दिसणारही नाही.

तिकीट जपून ठेवा. ऑडी (हॉलचा नंबर), शो, खुर्ची, दोष कधी सांगितला आणि काय उत्तर मिळालं, हे लिहून त्याच दिवशी थिएटरला ईमेल करा. पैसे परत किंवा दुसऱ्या शोचं तिकीट, यातलं काय हवं तेही त्यातच मागा. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग: दोन वर्षांच्या आत, आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला फी नाही.